हातात डबा असलेला गायक: बिल विदर्स, कामगाराचं घर आणि सोल

लोखंड्या

नमस्कार मंडळी. तीन वर्षं नुसता वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी भोसरीत एका शॉपमध्ये व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन) चालवतो. रात्रपाळीला एका कानात गाणी असतात, एकाच, कारण दुसरा कान मशीनला लागतो, कटिंगचा आवाज बदलला की टूल गेलं समजायचं. तर परवा पहाटे तीनच्या सुमाराला यूट्यूबने आपल्या मनानं एक इंग्रजी गाणं लावलं. दोन मिनिटांचं. माणूस अजिबात जोर न लावता गातोय, ती घरात नसली की ऊन पडत नाही एवढंच म्हणतोय, आणि मधेच 'आय नो, आय नो' सुरू करतो ते थांबतच नाही. मला वाटलं नेट अडकलं. परत लावून मोजलं. २६ वेळा.

गाणं 'एन्ट नो सनशाइन', १९७१ चं, गायक बिल विदर्स. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असणार, मला नव्हतं. मग मशीनची सायकल चालू करून (एक जॉब कापायला चौदा मिनिटं, तेवढ्यात बरंच वाचून होतं) शोधत बसलो. त्या 'आय नो'च्या जागी म्हणे खरे शब्द लिहायचे होते, पठ्ठ्यानं जागा भरून काढायला तेच तेच म्हटलं आणि स्टुडिओतले बाकीचे म्हणाले राहू दे असंच.

पण धागा त्यासाठी नाही काढला. त्याच्या पहिल्या रेकॉर्डचं कव्हर बघा, 'जस्ट अ‍ॅज आय अ‍ॅम'. विटांची भिंत, साधे कपडे, आणि हातात डबा. जेवणाचा डबा. तो तेव्हा कॅलिफोर्नियात बरबँकला विमानाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होता, बोइंग ७४७ च्या संडासांची जुळणी करायचा, आणि हा फोटो जेवणाच्या सुट्टीत कारखान्याबाहेरच काढलाय. वय ३२. एवढ्या वयात आमच्याकडे लोक स्वप्नं बघायचं सोडून फ्लॅटचे हप्ते बघतात.

प्रश्न असा आहे. कामगाराच्या घरातून आलं की गाण्यात नेमकं काय येतं? विषय कामगारांचा असतो ते कळतं. पण या गाण्यात कारखाना कुठेच नाही, तरी मला तो ऐकू येतो. का रात्रपाळीचा भास आहे?

उगाच_एक

भास आहे. डबा हातात दिला की माल खपतो. आजकाल जीन्सच्या जाहिरातीत पण मॉडेलला वेल्डिंगचा चष्मा लावतात.

मिरजेची_तार

उगाच, डबा त्याच्या रोजच्या कामाचाच होता हो, वर लिहिलंय की.

लोखंड्या, छान धागा. मी गाणं शिकवते आणि हे गाणं मुलांना ऐकवते, कारण आवाज न वाढवता कसं गायचं हे सांगून कळत नाही. थोडी माहिती घालते. सोल म्हणजे मुळात चर्चमधलं गॉस्पेल, तीच आर्तता, तोच टाळ्यांचा ठेका, फक्त देवाच्या जागी बाई आली. सॅम कुक नावाचा गायक आधी गॉस्पेलच गायचा, १९५७ च्या सुमाराला तो बाहेरची गाणी गायला लागला तर चर्चवाले चिडले होते. आपल्याकडे कीर्तनकार तमाशाच्या बोर्डावर उभा राहिला तर कसं होईल, तसंच. तर ह्या चर्चच्या वाटेनं आलेले बहुतेक गायक गाताना घाम गाळतात, गुडघ्यावर बसतात, किंकाळी फोडतात. विदर्स बरेचदा उभाही राहत नाही, स्टूलवर बसून गिटार मांडीवर घेऊन बोलल्यासारखं गातो.

आणि त्याचं एक कारण मला वाटतं ते असं की तो तोतरा होता. लहानपणापासून, पार २८ वर्षांचा होईपर्यंत. तोतरं माणूस वाक्य तोंडातून काढायच्या आधी मनात तासून घेतं, नको तो शब्द वगळतं. माझ्या मामाचं तसंच आहे. मामा दिवसातून दहा वाक्यं बोलतो पण एकही वाया जात नाही.

रेकॉर्डिंगचा किस्सा तर भारीच आहे. निर्माता होता बुकर टी जोन्स. मेंफिसच्या स्टॅक्स कंपनीचा घरचा बँड होता ना, त्याचा ऑर्गनवाला. विदर्स आपली गाणी घेऊन आला आणि विचारलं, ही गाणार कोण? बुकर टी म्हणाला, तूच. म्हणजे गृहस्थ स्वतःला गायक समजतच नव्हता, माल पोचवायला आल्यासारखा आला होता.

बल्लारपूर_सायडिंग

मी कोळशाच्या गावचा, म्हणून लिहायलेच पाहिजे. बाबा वेकोलित (वेस्टर्न कोलफिल्ड्स, सरकारी कोळसा कंपनी) होते, अंडरग्राउंडला. घरी आले की आधी डोळे दिसत, मग बाकी माणूस.

विदर्स जन्मला वेस्ट व्हर्जिनियातल्या स्लॅब फोर्क गावात, ४ जुलै १९३८. खाणीचं गाव. वाढला जवळच्या बेकलीत, सहा भावंडांत शेंडेफळ. बाप खाणकामगार, हा तेरा वर्षांचा असताना गेला. आईकडच्या माणसांत वाढला आणि आजीचा लळा मोठा. 'ग्रँडमाज हँड्स' ऐका. आख्ख्या गाण्यात आजीचा चेहरा नाही, फक्त हात. चर्चमध्ये टाळ्या वाजवणारे, कधी सुजून दुखणारे, पोराले पडता पडता सावरणारे. कोण्या बाईचं वर्णन करायला सांगितलं तर शिकलेला माणूस डोळ्यापासून सुरू करतो. आमच्या कॉलनीत माणूस हातावरून ओळखत. बाबांच्या हातात कोळशाचे निळे डाग होते, जखमेत भुकटी राहून कातडी वरून भरून येते, मग ते जन्मभर जात नाहीत. बाबा गेले तेव्हा मी तोंडाकडं कमी आणि त्या डागांकडंच पाहत होतो.

बाकी वेस्ट व्हर्जिनियाच्या खाणी म्हणजे साधं काम नोहे. जुन्या काळी पगार कंपनीच्याच टोकनात, ते चालणार कंपनीच्याच दुकानात, घर कंपनीचं. १९२१ मध्ये तिथं ब्लेअर माउंटनवर हजारो खाणकामगार बंदुका घेऊन उभे राहिले, काळे गोरे एकत्र. हा मुलगा जन्मला त्याच्या सतरा वर्षं आधीची गोष्ट.

उगाच_एक

बरं. म्हणजे गरिबी भोगली की कला येते हेच ना शेवटी? मग आपल्या देशात गल्लोगल्ली बिल विदर्स पाहिजे होते. खाणीतल्या लाखो पोरांनी गाणी केली नाहीत ते कोणी मोजत नाही.

लोखंड्या

उगाचभाऊ, तुमचं निम्मं पटलं. गरिबीनं काही येत नाही, गरिबीनं कंबरदुखी येते.

पण काल परत वाचत होतो तर वेगळंच लक्षात आलं. हा माणूस १७ व्या वर्षी नौदलात गेला, तिथं नऊ वर्षं. विमानांच्या देखभालीचं काम शिकला. बाहेर पडल्यावर दुधाच्या गाडीवर, मग कारखाने. एकदा ऑकलंडच्या क्लबात लू रॉल्स या गायकाला ऐकायला गेला. रॉल्स उशीर करतोय आणि मॅनेजर कुरकुरतोय की आठवड्याला दोन हजार डॉलर देतो ह्याला आणि वेळेवर येत नाही. विदर्सला तेव्हा तासाला तीन डॉलर. घरी जाताना गहाणवटीच्या दुकानातून स्वस्तातली गिटार घेतली. बघा, 'आतून हाक आली' वगैरे काही नाही. रेट ऐकला!

आणि गिटार घेतली म्हणून नोकरी सोडली नाही. पगारातून पैसे बाजूला टाकून स्वतःच डेमो रेकॉर्ड केले. नंतर ससेक्स नावाच्या छोट्या कंपनीनं घेतलं तरी कारखान्यात जातच होता, म्हणायचा गाण्याच्या धंद्याचा भरवसा नाही. मग मधे ले-ऑफ मिळाला. नंतर एके दिवशी दोन पत्रं आली, एक कारखान्याचं, कामावर परत या, आणि दुसरं जॉनी कार्सनच्या टीव्ही शोचं, गायला या.

गाणं 'हिट' व्हायची त्याला गरज नव्हती हो, माझं म्हणणं एवढंच आहे. संध्याकाळची भाकरी संडासांतून निघत होती. म्हणून तो २६ वेळा 'आय नो' म्हणू शकला. ज्याला गाण्यावरच घर चालवायचं असतं तो घाबरून तिथं व्हायोलिन भरतो (व्हायोलिन आहेत तशी पण लाजत लाजत आहेत).

मला विचाराल तर तो 'नाही' म्हणायची ताकद पगारातून घेऊन आला होता.

मिरजेची_तार

हे पटलं. आमच्या गल्लीत सतारमेकरांची दुकानं आहेत. भोपळा आणून वाळत टाकलाय, दांडी तासणं चाललंय, वर्षानुवर्षं. त्यांच्यापैकी जे स्वतः वाजवतात त्यांचं वादन ऐकलंय मी, मैफिलीत कधी न बसलेल्यांचं. सूर लागला की थांबतात. टाळ्यांसाठी 'झाला' (शेवटचं भरधाव वादन) काढत नाहीत. जाऊ दे, विषयांतर.

कट्ट्यावरचा_सुधीर

नारायण सुर्वे आठवले वाचून. गिरणी कामगाराच्या घरात वाढलेले, स्वतः शिपायाची नोकरी केलेली. तिथेही तसंच साधं बोलणं.

उगाच_एक

आलेच सुर्वे. मराठी फोरमवर कामगार म्हटलं की पाचव्या प्रतिसादाला सुर्वे, ह्या वेळी सातव्याला आले, प्रगती आहे.

संयोजक

सुर्वे यांच्यावर दोन धागे आधीच आहेत, तिथे जरूर लिहा. इथे अमेरिकन सोलवरच राहू.

डेट्रॉइटकर_अण्णा

उशिरा आलो, आमच्याकडे आत्ता सकाळ झाली.

लोखंड्या, तू ज्याला कारखान्याचा आवाज म्हणतोस तो दोन तऱ्हांनी येतो असं मला वाटतं आणि तू एकच धरलायस. मी १९९८ पासून डेट्रॉइटमध्ये आहे, गाड्यांच्या कंपनीतच. इथला बेरी गॉर्डी १९५० च्या दशकात लिंकन-मर्क्युरीच्या असेंब्ली लाइनवर होता, गाड्यांना क्रोमच्या पट्ट्या आणि आतलं अस्तर ठोकायचा, आणि काम करता करता डोक्यात गाणी जुळवायचा. १९५९ च्या जानेवारीत घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन त्यानं रेकॉर्ड कंपनी काढली, तीच पुढे मोटाउन. आणि त्यानं लाइनची आख्खी पद्धतच गाण्याला लावली! चेसी म्हणजे गाडीचा सांगाडा एका टोकाला उघडावाघडा येतो, दुसऱ्या टोकाला चकचकीत गाडी बाहेर. तसाच रस्त्यावरचा पोरगा एका दारानं आत, गाणं लिहिणारे वेगळे, वाजवणारे वेगळे, चालणं-बोलणं शिकवायला मॅक्सिन पॉवेल बाई वेगळ्या, आणि दुसऱ्या दारानं स्टार बाहेर. दर आठवड्याला क्वालिटी कंट्रोलची मीटिंग, हो, नावच ते. तिथे प्रश्न विचारायचे की खिशात शेवटचा एकच डॉलर असेल तर ही रेकॉर्ड घ्याल का सँडविच.

सँडविच! हा प्रश्न पोट भरलेल्या माणसाला सुचेल का सांगा.

आमच्या घरी पाहुणे आले की मी त्यांना वेस्ट ग्रँड बुलेव्हारवरच्या २६४८ नंबरच्या घरात नेतो, आता म्युझियम आहे. लोकांना वाटतं मोठी बिल्डिंग असेल. साधं दोन मजली घर. स्टुडिओ म्हणजे मागची जागा, तिला 'स्नेकपिट' म्हणायचे कारण छतावरून वायरी सापासारख्या लोंबायच्या. प्रतिध्वनी काढायला छतालाच भोक पाडलंय, त्याखाली उभं राहून टाळी वाजवायला लावतात. आणि चॉकलेटचं मशीन आहे, त्यात उजवीकडून चौथ्या कप्प्यात कायम बेबी रूथ चॉकलेट ठेवायचे, कारण गायक स्टीव्ही वंडर तेव्हा लहान होता, दिसत नव्हतं त्याला, हातानं मोजून आपलं चॉकलेट काढायचा. माझी सासूबाई, सोलचं एक गाणं माहीत नाही, त्या मशीनपुढे डोळे पुसत उभ्या.

म्हणजे गॉर्डीनं कारखान्यातून लाइन उचलली आणि विदर्सनं डबा उचलला. दोघंही कामगारच. एकाला सगळं पॉलिश करून बाहेर काढायचं होतं कारण त्याच्या लेखी मालावर ओरखडा म्हणजे रिजेक्शन, दुसऱ्यानं ओरखडा ठेवून दिला.

उगाच_एक

अण्णा धन्यवाद, माझीच बाजू मांडलीत. एकाच कारखान्यातून उलट सुलट दोन्ही निघत असेल तर 'कामगार घरातून हे येतं' असा नियम कुठे राहिला? मोटाउनची गायिका डायना रॉस पण ब्रूस्टर प्रोजेक्ट्स म्हणजे सरकारी घरांतलीच ना, आणि स्टेजवर ती राणीसारखी.

डेट्रॉइटकर_अण्णा

नियम कोणी म्हटलंय? आणि राणीसारखं दिसायची हौस पण त्याच घरातून येते बाबा. आमच्या आईची एकच पैठणी होती, ती नेसली की चाळीत कोणाची टाप नव्हती तिला गरीब म्हणायची.

लँकेशायरची_सून

मी थोडं ऐकणाऱ्यांच्या बाजूने लिहू का? गेली बारा वर्षं बोल्टनला आहे, नवरा इथलाच, सासरे आधी सूतगिरणीत आणि मग इंजिनिअरिंग वर्क्समध्ये. (हो, तीच लँकेशायर जिच्या कापडाशी मुंबईच्या गिरण्यांचं वैर. सासऱ्यांना सांगितलं तर म्हणाले मग तुम्ही जिंकलात. मी म्हटलं, आमच्याही गिरण्यांचे मॉल झाले.)

इथे १९७० च्या दशकात वेड होतं, 'नॉर्दर्न सोल'. नाव दिलं लंडनच्या डेव्ह गोडिन नावाच्या पत्रकारानं, कारण उत्तरेकडची पोरं त्याच्या दुकानात येऊन फक्त जुनी, भरधाव ठेक्याची, अमेरिकेतही न चाललेली डेट्रॉइटछाप गाणी मागायची. विगन कसिनो (नाव कसिनो, होता नाचाचा क्लब) १९७३ ला सुरू झाला आणि १९८१ ला बंद. तिथे शनिवारी मध्यरात्रीनंतर सुरू ते रविवारी सकाळी आठपर्यंत नाच. दारू नाही. सासरे जायचे. त्यांची बॅग अजून माळ्यावर आहे, त्यात टॉवेल, बदलायला बनियन आणि टाल्कम पावडरचा डबा. पावडर अंगाला नाही, फरशीला. बुटाचा तळ सरकावा म्हणून! रोज मशीनच्या फरशीवर तेल सांडू नये म्हणून जपणारी माणसं शनिवारी मुद्दाम फरशी गुळगुळीत करायची.

शेवटची तीन गाणी ठरलेली, आठ वाजायच्या आधीची तीन. मग सगळे घामेजलेले बाहेर, रविवारचं ऊन, आणि सोमवारी पहिली पाळी. मी सासऱ्यांना विचारलं तुम्हाला त्या डेट्रॉइटच्या गाण्यांत काय सापडलं, शब्द तर तुमच्या आयुष्यातले नव्हते. खूप वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले ठेका. आठवडाभर मशीनच्या ठेक्यावर तुम्ही चालता, एक रात्र तुमच्या पायांवर ठेका चालतो. (शब्द माझे, इंग्रजीत याहून तुटक बोलले.)

लोखंड्या

ताई हे वाचून अंगावर काटा आला. आमच्या हेल्परला दाखवलं, तो म्हणाला पावडर टाकून बघू का, त्याला म्हटलं सेफ्टीवाला टांगेल.

बल्लारपूर_सायडिंग

'लीन ऑन मी' बद्दल अजून कोणी लिहिलं नाही, कमाल आहे. गाणं लॉस एंजेलिसमध्ये लिहिलं पण ते गाव बेकली-स्लॅब फोर्कचंच. शहरात आल्यावर त्याले जाणवलं का इथे कोणी कोणाले हात देत नाही. १९७२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं. २०२० मध्ये कोरोनात लोक दवाखान्यातल्या डॉक्टर-नर्सेससाठी हेच म्हणत होते, आणि त्याच मार्चच्या ३० तारखेला विदर्स गेला, ८१ वर्षांचा होऊन.

आमच्या कॉलनीत कोणाच्या घरी मयत झाली का तेरा दिवस चूल पेटवू देत नसत. कोण काय आणणार हे कोणी ठरवत नव्हतं, आपोआप ठरलेलं. आंध्रातले, बिहारी, छत्तीसगढी, आम्ही, सगळे एकाच रांगेत. मी हे गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मले बाबांच्या वेळचे स्टीलचे डबे आठवले, झाकणावर नाव कोरलेले, परत कोणाचे कोणाले द्यायचे म्हणून.

मिरजेची_तार

आता माझी पाळी! हे गाणं पेटीवर वाजवून बघा कोणीही, शिकलेलं नसलं तरी.

विदर्सला पियानो येत नव्हता. त्यानं छोटा वुर्लिट्झर इलेक्ट्रिक पियानो घेतला होता आणि त्यावर बोटं ठेवून नुसता हात वर सरकवला, मग खाली आणला. तेच गाणं. पेटीवर पांढरी एक 'सा' धरा. तीन बोटं एक सोडून एक, सा ग प. आता बोटांचा आकार अजिबात न बदलता आख्खा हात एक पट्टी वर, रे म ध. परत एक वर, परत एक वर. मग तसाच उलटा खाली. संपलं. शिकलेला माणूस इथे बोटं बदलतो, मधे उलटापालट करतो, कारण त्याला शिकवलेलं असतं की असं सरळ सरकणं बाळबोध दिसतं. ह्याला ते कोणी सांगितलंच नव्हतं.

लोखंड्या

थांबा थांबा. म्हणजे टूल तेच, सेटिंग तेच, फक्त स्लाइड सरकवायची?

मिरजेची_तार

अगदी. लेथवर काय म्हणतात ते मला माहीत नाही पण तेच.

लोखंड्या

मला ऐकू आलेला कारखाना हाच असणार मग. भास नव्हता.

उगाच_एक

एक गोष्ट कबूल करतो, रात्री बसून त्याची पहिली दोन्ही आल्बम ऐकली. 'आय कान्ट राइट लेफ्ट-हँडेड' पण ऐकलं, ते कार्नेगी हॉलच्या लाइव्ह रेकॉर्डमधलं. व्हिएतनामहून उजवा हात गमावून आलेला पोरगा, त्याला आईला पत्र लिहायचंय, म्हणून दुसऱ्याला सांगतो माझ्यासाठी लिही. युद्धाविरुद्ध घोषणा वगैरे काही नाही, फक्त पत्राची अडचण. परत हातच आला बघा. हे चांगलंय, मान्य.

पण मग सोडलं का त्यानं? १९८५ नंतर रेकॉर्ड नाही. इतकं 'नाही' म्हणता येत होतं तर गात राहायचं की.

मिरजेची_तार

कारण ससेक्स कंपनी १९७५ ला बुडाली आणि तो कोलंबियाकडे गेला, मोठी कंपनी. तिथंही 'लव्हली डे' झालं १९७७ मध्ये, ज्यात तो एकच सूर १८ सेकंद धरतो, आमच्या क्लासात पोरं स्टॉपवॉच लावून पडतात. पण पुढे पुढे तिथले साहेब गाणी नाकारायला लागले, सल्ले द्यायला लागले. एकानं त्याला एल्विसचं 'इन द घेटो' गा म्हणून सुचवलं, हे तो स्वतः सांगायचा. १९७८ नंतर सात वर्षं त्याचा स्वतःचा एकही आल्बम आला नाही, मधे सॅक्सोफोनवाल्या ग्रोव्हर वॉशिंग्टनच्या रेकॉर्डवर 'जस्ट द टू ऑफ अस' गाऊन आला तेवढंच. १९८५ ला एक केला आणि बंद.

लोखंड्या

सोपं आहे. पहिल्या वेळी पगार एकीकडून आणि गाणं दुसरीकडे, म्हणून साहेबाला नाही म्हणता येत होतं. कोलंबियात दोन्ही एकाच साहेबाकडे गेलं. आमच्याकडे जॉबला क्वार्टर जोडलेली असते ना तसं, भांडलास तर घर पण जातं. तोपर्यंत जुन्या गाण्यांची रॉयल्टी सुरू झाली होती, म्हणजे परत एक पगार वेगळीकडून. मग काय, टाकला राजीनामा. मी तर म्हणेन तो कलाकार म्हणून थांबला नाही, कामगार म्हणून उठून गेला. रिकाम्या मशीनपुढे उभं राहायला कोणाला आवडतं.

उगाच_एक

रॉयल्टी म्हणजे पगार ही व्याख्या एकदा माझ्या सीएला ऐकवा.

डेट्रॉइटकर_अण्णा

लोखंड्याचं बरोबर आहे, थोडं भर घालतो. गॉर्डीच्या पोरांना हा मार्गच नव्हता. मोटाउनच्या वादकांना, फंक ब्रदर्सना, बहुतेक रेकॉर्डवर नाव पण नव्हतं, आणि १९७२ मध्ये कंपनी लॉस एंजेलिसला हलली तेव्हा बरेच जण इथेच राहिले. त्यांच्यातला बास गिटारवाला जेम्स जेमरसन, ज्याची बोटं तुम्ही सगळ्यांनी नकळत ऐकलीयत, तो मात्र मागोमाग लॉस एंजेलिसला गेला. लाइन हलली की लाइनवरच्याचं काय होतं ते ह्या गावात कोणाला सांगावं लागत नाही.

लँकेशायरची_सून

अण्णा, जेमरसनचं नाव सासऱ्यांना विचारलं. माणूस खुर्चीतून उठून पाय सरकवून दाखवायला लागला, वय ७१. सासूबाईंनी ओरडून बसवलं.

बल्लारपूर_सायडिंग

व्हिडिओ टाका ना.

लँकेशायरची_सून

परवानगी नाही मिळाली. पावडर नव्हती म्हणून पाय नीट सरकला नाही, असं कारण आहे.

लोखंड्या

मंडळी, अपडेट. कव्हरच्या फोटोची प्रिंट काढून लॉकरच्या दाराला आतून लावली. हेल्परनं विचारलं कोण आहे, नवीन ठेकेदार का. म्हटलं नाही, आपल्यातलाच, विमानाचे संडास करायचा. म्हणाला मग डबा काय एवढा मिरवतोय, भाजी काय आहे त्यात.

आणि मिरजताई, बहिणीची पेटी काढली माळ्यावरून. भाता फाटलाय थोडा, आवाज येतो. पण माझा आवाज खाली आहे, पांढरी एकला वर जात नाही. काळी चार धरून केलं तर चालेल का? दोनदा केलं, बोटं अडकतात.

मिरजेची_तार

अडकणारच, काळी चारला हाताचा साचा मोडतो, मधेच काळी-पांढरी अशी सर्कस होते. पांढरी एकच ठेव आणि खालच्या सप्तकात गा, तोही खालीच गायचा. भात्याला आतून चिकटपट्टी लावू नकोस, कापड आणि फेविकॉल लाव, रात्रभर वाळू दे.